पुण्याच्या हवेत टिकेल असे भरीव लाकडाचे सुतारी बाक कसे बांधावे?

सिंहगडरोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षे मी घरातल्या 10 बाय 12 फुटांच्या खोलीत हौसेने सुतारकाम करतो आहे. आतापर्यंत लोखंडी पायांच्या एका जुन्या टेबलावर 19 मिलिमीटरचा प्लायवूड टाकून काम भागवले; परंतु रंधा मारू लागलो की टेबल भिंतीकडे सरकत जाते आणि पटाशीवर घातलेला निम्मा घाव टेबलाच्या थरथरण्यातच विरतो. म्हणून आता 6 फूट लांब आणि 2 फूट रुंद असे भरीव लाकडाचे कायमचे बाक बांधायचे ठरवले आहे.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दोन वखारींत चौकशी केली. एकाने नवे सागवान सुचवले, दुसऱ्याने परदेशी बीच. गावाकडचे नातेवाईक म्हणतात की बाभळीसारखे लाकूड नाही. तिन्हींपैकी काय घ्यावे, टॉप (बाकाचा वरचा पृष्ठभाग) किती जाड ठेवावा आणि लाकूड अंदाजे किती लागेल, याबद्दल अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे. मागच्या वर्षी मी केलेल्या एका पेटीचे झाकण जुलैमध्ये इतके फुगले की ते दिवाळीपर्यंत उघडले नाही, त्यामुळे पावसाळ्याची धास्ती आहे. शिवाय घर तिसऱ्या मजल्यावर आहे, तेव्हा वजनाचाही प्रश्न आहेच.

हडपसरकर

तुमच्या पेटीच्या झाकणातच निम्मे उत्तर आहे. एप्रिलच्या दुपारी पुण्यातली आर्द्रता 20 ते 25 टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये 80 टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र दरवर्षी फुगते आणि आकसते. हे थांबवता येत नाही, म्हणून त्याला वाट ठेवूनच बाक बांधावे लागते.

सागवानाचे हे आकसणे कमी असते, बीचचे त्याच्या जवळजवळ दुप्पट. बीच कठीण, एकसारख्या पोताचे आणि युरोपातल्या बाकांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले लाकूड आहे. तरीही आपल्या हवेत मी सागवानच निवडेन. बाभूळ वजनाला आणि टणकपणाला उत्तम, बैलगाडीची चाके आणि औते तिचीच होत असत. पण बाजारात ती बहुधा ओली मिळते, वाळताना चिरते, पीळ धरते आणि तिच्या बाहेरच्या पांढरट भागाला कीड लवकर लागते. वर्ष-दोन वर्षे सावलीत रचून वाळवलेली मिळाली तर पायांसाठी अवश्य घ्या.

टॉप 4 इंच जाड ठेवा. 2 इंच जाड फळ्यांच्या पट्ट्या काढून त्या उभ्या करून एकमेकींना चिकटवायच्या, म्हणजे अशा 12 पट्ट्यांचा 24 इंच टॉप होतो. वखारीतली फळी बहुतेक वेळा अशी चिरलेली असते की ती रुंदीकडे जास्त हलते, म्हणजे फुगते-आकसते. तीच उभी केली की जास्त हलणारी बाजू जाडीकडे जाते आणि कमी हलणारी रुंदीकडे येते. ओलावा सहा टक्क्यांनी बदलला, तर सागाच्या फळ्या आडव्या जोडलेला 24 इंचांचा टॉप सुमारे 7 मिलिमीटर हलेल, उभ्या पट्ट्यांचा सुमारे 3.

हिशेब असा. टॉपला 4 घनफूट, 5 बाय 4 इंचांच्या चार पायांना सुमारे दीड, आडव्या दांड्यांना सव्वा; म्हणजे पावणेसात घनफूट. रंध्याने जाणारे, गाठी आणि चिरा धरून 9 घनफूट विकत घ्या. वाळलेले सागवान घनफुटाला साधारण 18 ते 19 किलो भरते, त्यामुळे तयार बाक सव्वाशे किलोंच्या घरात जाईल. निवासी इमारतीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार गृहीत धरून आखलेली असते आणि तुमच्या बाकाखाली एक चौरस मीटरहून थोडी जास्त जागा येते. बाक भिंतीलगत ठेवा आणि निर्धास्त राहा. हे वजन तुम्हाला हवेच आहे, कारण त्यानेच बाक रंध्यासमोर ठाम उभे राहते.

नानापेठकर

लाकडाच्या निवडीबद्दल वरील मताशी सहमत आहे, परंतु नवे सागवान घेण्याआधी जुन्या लाकडाच्या वखारी जरूर पाहाव्यात. पेठांतले वाडे उतरवले की त्यांच्या तुळया आणि खांब तिथे येतात. कित्येक दशके छपराखाली राहिलेले ते लाकूड पुरते मुरलेले असते, आणि इतक्या घट्ट वर्षवलयांचे सागवान नव्या मालात क्वचितच दिसते.

त्यात एकच मोठा धोका आहे, तो म्हणजे खिळे. मी आणलेल्या तुळईवर वरून काहीच दिसत नव्हते. एका जागी रुपयाएवढा निळसर काळा डाग होता, तो मी धुराचा समजलो आणि तुळई तशीच रंध्याच्या मशिनला दिली. आत लोहाराने घडवलेला चौकोनी खिळा होता, डोके झिजून गेलेला. तिन्ही पाती खोबणी पडून निकामी झाली आणि त्यांचा खर्च मला सोसावा लागला. लोखंडाच्या सान्निध्यात सागवान असेच काळे पडते, हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून प्रत्येक काळा डाग पटाशीने कोरून पाहतो आणि मगच दोऱ्याला बांधलेले जोरकस चुंबक सगळ्या बाजूंवरून फिरवतो.

सिंहगडरोडकर

दोघांचेही मनापासून आभार. जुने सागवान शोधतो. दोन शंका उरल्या. सागवान तेलकट असल्याने फेव्हिकॉल धरत नाही असे ऐकले आहे; ते खरे का? आणि एवढा टॉप तिसऱ्या मजल्यावर चढवायचा कसा? आमच्या लिफ्टमध्ये 6 फूट लांबीचे काही उभे राहत नाही.

कोथरूडकर

दोन्ही शंकांचे उत्तर एकच आहे: टॉप एकदम चिकटवू नका. चार-चार पट्ट्यांचे 8 इंच रुंदीचे तीन ठोकळे करा. प्रत्येक ठोकळा 25 किलोंच्या आसपास भरतो, दोन माणसे जिन्याने सहज नेतात, आणि वखारीतल्या मशिनवर तो दोन्ही बाजूंनी सपाटही करून मिळतो. उरलेले दोन जोड खोलीत आणून करावेत. सागवान चिकटते, मात्र रंधा मारल्यावर ताज्या पृष्ठभागावरून, तेल निघावे म्हणून, ॲसिटोनचा बोळा फिरवून तासाभरात चिकटवावे, दुसऱ्या दिवसावर टाकू नये. दर 8 ते 10 इंचांवर एक शिकंजा (क्लॅम्प) हवा. मे महिन्यात फेव्हिकॉल फार लवकर सुकतो, म्हणून सकाळी लवकर हे काम उरका.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. माझ्या पहिल्या बाकाचा टॉप मी खालून आडव्या पट्ट्या मारून, स्क्रूने घट्ट आवळून बसवला होता. मजबूत दिसत होता. पहिल्या पावसाळ्यात तो फुगला, पट्ट्यांनी त्याला पसरू दिले नाही आणि मध्ये उंचवटा आला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच जागी टोकापासून हातभर लांब चीर गेली, तिच्यात पोस्टकार्ड उभे राहत असे. म्हणून टॉप पायांवर नुसता ठेवावा आणि लाकडी खुंट्यांनी अडवावा. पुढच्या दोन पायांवरच्या खुंट्या घट्ट, मागच्या दोन लांबट भोकात. त्यामुळे पुढची कड पायांच्या सपाटीत राहते आणि सगळे हलणे मागे जाते.

पुढची कड आणि पाय एका सपाटीत असणे फार गरजेचे आहे, कारण दाराची उभी फळी कडेवर रंधायची असेल तर ती पायालाही टेकवून आवळता येते. आपले जुने सुतार जमिनीवर बसून पायाच्या पंजाने लाकूड धरत आणि त्यांना बाकाची गरजच पडत नसे. उभ्याने काम करायचे तर पायांचे ते धरणे बाकाला करावे लागते. बोहरी आळीत 9 इंची सुतारी व्हाइस (लाकूड आवळून धरणारा पकड) मिळतो, तो डाव्या हाताला बसवा. टॉपमध्ये 19 मिलिमीटरची भोके पाडून त्यांत काम अडवून धरणाऱ्या खुंट्या घाला. जाडी 4 इंच असल्यामुळे त्या डुगडुगत नाहीत.

पायांचे सांधे भोक आणि कुसवाचेच (भोकात बसणाऱ्या दांड्याच्या निमुळत्या टोकाचे) करावेत. आखूड दांड्यांच्या कुसवातले मेखेचे भोक खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होते त्या पायरीकडे, दीड मिलिमीटर सरकवून पाडले, तर मेख ठोकताना सांधा आपोआप ओढला जातो. लांब दांड्यांची कुसवे आरपार काढून बाहेरून पाचर मारा, म्हणजे घर बदलताना बाक सुटे करता येईल. शेवटी जवसाचे उकळलेले तेल वरून जेवढे तेवढेच खालूनही द्यावे. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्या.

पायांची लांबी कापण्याआधी, नेहमी कामाला घालता त्याच चपला घालून सरळ उभे राहा आणि हात सैल सोडून मनगटाच्या घडीपर्यंतचे माप घ्या. रंध्यासाठी बाक त्या उंचीचे, किंवा इंचभर खालचे, बरे पडते. माप आले की त्यातून टॉपचे 4 इंच वजा करायला विसरू नका.