गाडी उभी राहिली की एसी कोमट, कॉम्प्रेसर बदलू का?

वऱ्हाडी_चालक (अकोला)

मंडळी, गाडी 2010 ची पेट्रोल हॅचबॅक, बाबांकडून माझ्याकडे आलेली. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44 च्या वर जातो, एसीशिवाय दुपारी बाहेर पडायची सोय नाही. अडचण अशी की मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागलं की एसी बऱ्यापैकी गार. गावात सिग्नलला थांबलं की थोड्याच वेळात जाळीतून कोमट वारा. मागे आई बसलेली असेल तर ती सरळ काच खाली करते आणि वर मलाच ऐकवते.

मार्चमध्ये एकाने ‘थोडा कमी आहे’ म्हणत गेज (दाब मोजायचा मीटर) लावून वरून गॅस सोडला. व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढून काढणं) वगैरे काही नाही. तेव्हापासून सिग्नलला आधीपेक्षा वाईट. आता तोच म्हणतो, कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. खर्च ऐकून गाडीच काढून टाकावीशी वाटतेय. ब्लोअरला जोर आहे, गाडीखाली पाणीही ठिबकतं. इंजिनाच्या तापमानाचा काटा उभ्या गाडीत जरासा वर सरकतो. कुठून सुरुवात करू?

पाना_पक्कड (जळगाव)

कॉम्प्रेसरला अजून हात लावू देऊ नका. मी एसीचंच काम करतो. दर उन्हाळ्यात अशा गाड्या दारात येतात आणि ‘कॉम्प्रेसर गेला’ हे प्रमाणपत्र सोबत घेऊनच येतात.

धावताना गार आणि थांबल्यावर गरम, याचे मोठे संशयित दोनच. एक, कंडेन्सरवर (गाडीच्या तोंडाशी असलेली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पुरेशी हवा येत नाही. धावताना समोरचा वारा काम भागवतो, थांबल्यावर सगळी भिस्त पंख्यावर. दुसरा, कॉम्प्रेसर खरंच थकलाय आणि आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालू असताना) दाब उभा करू शकत नाही. आत बसलेल्याला दोन्ही सारखेच वाटतात, तिथेच गिऱ्हाईक कापलं जातं.

भर दुपारी गाडी उभी करा, हवा आतल्या आत फिरणारी, ब्लोअर दोनवर. मधल्या जाळीत थर्मामीटर खोचा. स्वयंपाकातला खुपसायचा डिजिटल चालेल, तापाचा उपयोगाचा नाही. आकडा स्थिरावला की रेस दोन हजार आरपीएमवर धरा. उभ्या गाडीतच आकडा भराभर उतरला तर संशय कॉम्प्रेसरवर. जिथल्या तिथे राहिला किंवा चढला तर कंडेन्सरवर. मग पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर बाटलीने पाणी मारा, वायरिंग वाचवून. लगेच आकडा पडला तर चोर सापडला.

‘पंखा फिरतोय की’ यावर जाऊ नका. मोटरचे कार्बन ब्रश (आत वीज पोचवणारे तुकडे) झिजले की पाती फिरतात, वारा येत नाही. वर्तमानपत्राचं पान समोरून धरा, ते ओढलं जाऊन चिकटून राहिलं पाहिजे. मोटर बदलताना वायरी उलट जोडून पंखा हवा पुढे फेकतोय, हेही पाहिलंय मी.

तुमचा काटा उभ्यात वर सरकतो, म्हणजे बोट पंख्याकडेच जातंय. त्यात तो वरून सोडलेला गॅस. आर-134ए (एसीतला गॅस) वजनावर भरायचा असतो. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, छोट्या गाडीत बहुतेक अर्ध्या किलोच्या आतच. जास्त झाला की कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, उष्णता बाहेर टाकायला जागा उरत नाही. नुसती सुई बघून टॉप-अप म्हणजे अंदाजपंचे कारभार.

कोथरूडकर_काका (पुणे)

गेजचं कुणी बोलेना! दोन्ही सुयांचे फोटो टाका आधी. आणि हीटरचा फ्लॅपही (गरम हवेची झडप) बघा. माझ्या जुन्या गाडीत केबल क्लिपमधून सुटली होती, नॉब थंडवर अन् फ्लॅप अर्धा उघडा. एसी बिचारा गार करतोय आणि हीटर तीच हवा तापवतोय.

पाना_पक्कड (जळगाव)

काका, फ्लॅपचं बरोबर, पण तो उघडा असेल तर हायवेवरही त्रास होतो. यांचं तसं नाही.

गेजचं म्हणाल तर पंख्याचा दोष असला की हायची (जास्त दाबाच्या बाजूची) सुई चढत जाते, अशा उन्हात तीनशे पीएसआयच्याही (दाबाचं माप) पुढे, आणि लोही (कमी दाबाची) तिच्यामागे वर. कॉम्प्रेसर थकलेला असेल तर लो उतरत नाही आणि हाय चढत नाही. गॅस कमी असेल तर दोन्ही खाली.

वऱ्हाडी_चालक (अकोला)

दुपारी करून पाहिलं. उभ्या गाडीत 22. रेस धरली तर 23! पाणी मारल्यावर बघता बघता 15 वर आला. पेपरचं पान चिकटणं सोडा, सरळ खाली पडलं. पंखा हाताने फिरवला (गाडी बंद करूनच, किल्ली खिशात) तर करकरतोय. मोटर नवीन टाकू की ब्रश बदलू? आणि गॅसचं काय?

पाना_पक्कड (जळगाव)

करकर येतेय म्हणजे बुशही (दांडा फिरतो ती कडी) गेलंय, नुसत्या ब्रशने भागणार नाही. मोटरच टाका, कॉम्प्रेसरच्या मानाने किरकोळ खर्च आहे. ती निघालेलीच आहे तर कंडेन्सर साध्या नळाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला की पत्र्याच्या बारीक पात्या आडव्या पडतात आणि हवेची वाट बंद होते.

गॅस मशीनने काढून घेणारा माणूस गाठा, हवेत सोडणारा नको. मार्चमध्ये खरंच कमी होता असं धरलं, तर तो गेला कुठे? पाईपच्या सांध्यांवर धूळ चिकटलेला तेलकट डाग शोधा, लीक बहुतेक तिथेच असते. मग अर्धा तास व्हॅक्यूम, पंप बंद केल्यावर सुई जागेवर थांबते का ते पाहायचं, आणि त्यानंतरच स्टिकरप्रमाणे ग्रॅम. भरताना वजनकाट्याशेजारी उभे राहा, चहाला जाऊ नका.