अनुभव धागा: शाळेचं एक वर्ष परदेशी मूल घरी, बडोद्यात

एक्स्चेंजवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अदलाबदल योजनेत, आलेलं मूल सांभाळलेल्या बडोदेकरांनी लिहावं. कौतुक नको, पुढच्या घराला उपयोगी पडेल ते लिहा.

अलकापुरीहून
मूल घरी उतरल्यापासून 24 तासांत परदेशी नागरिकांच्या सरकारी पोर्टलवर माहिती भरायची. सगळे त्याला सी-फॉर्म म्हणतात. हॉटेलांसारखाच हा नियम आपल्या घरालाही लागू. त्यासाठी यजमानाचं लॉगिन लागतं आणि खोळंबा तिथेच होतो, म्हणून ते पंधरा दिवस आधी काढून ठेवा. व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर मुलाची नोंदणी वेगळी, आल्यापासून 14 दिवसांत. रोटरी क्लबच्या एक्स्चेंज योजनेत मूल वर्षभरात दोन-तीन घरी राहतं. प्रत्येक नव्या घराने फॉर्म नव्याने भरायचा. पहिल्या घराने भरलाय म्हणून गप्प बसू नका.

दांडिया बाजारातून
शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का, हे मूल निघायच्या आधी लेखी विचारा. आपल्याकडे कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, आणि बडोद्यात वर शेंगतेल. नुसतं ताटातून वगळून भागत नाही. मिक्सरचं भांडं घासलं तरी झाकणाच्या रबरी रिंगेखाली कूट चिकटून राहतो. त्याच भांड्यात हिरवी चटणी वाटली की ती चटणीही गेली. अशा मुलासाठी भांडं, झाकण, डाव, सगळं वेगळं ठेवा. तीव्र अॅलर्जीवरचं अॅड्रेनलिनचं इंजेक्शन त्याने घरूनच आणावं. ते फ्रीजमध्ये ठेवायचं नाही आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीतही नाही.

दुसरं म्हणजे आग्रह. जपानी मूल ताट स्वच्छ करतं, ती तिकडची रीत. आपण रिकामं ताट बघून पुन्हा वाढतो. बिचारं पोट दुखेपर्यंत खातं! पहिल्याच दिवशी ‘पुरे’ हा शब्द आणि ताटावर आडवा हात शिकवा. आजींनाही सांगून ठेवा.

मांजलपूरहून
जुलाब झाले तर ओआरएसची पाकिटं घरात हवीतच. नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपायच होतो.

अमेरिकेतून किंवा जपानातून आणलेला हेअर ड्रायर आपल्या 230 व्होल्टवर जळतो. पिन बदलणारा अॅडॉप्टर व्होल्टेज कमी करत नाही. ज्यावर 100-240 छापलंय तेवढंच लावायचं.

फतेगंजहून
आईवडील भेटीला येताना यजमानांसाठी वाइन आणतात, तिकडे ती साधी रीत. गुजरातेत 1960 पासून दारूबंदी आहे, हे तिकीट काढतानाच कळवा. उत्तरायणला, 14 जानेवारीला, गच्चीवर पतंग उडवायला जाण्याआधी बोटांना चिकटपट्टी गुंडाळा. त्या दिवसांत स्कूटरवर मागे बसवताना गळ्याभोवती जाड रुमाल बांधा. मांजा दिसतच नाही.