बेघर निवारे: अनुदान की निविदा?

रात्रपाळी
"संस्थांना अनुदानाची खिरापत बंद करा. बेघर निवारे ई-निविदा काढून सर्वांत कमी दरवाल्याला द्या." परवाच्या या पोस्टवर टाळ्या पडल्या म्हणून लिहावं लागतंय.

टाळ्या वाजवणाऱ्यांनी आधी गणित करावं. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषात 50 जणांचा निवारा चालवायला वर्षाला 6 लाख, म्हणजे महिन्याला 50 हजार. त्यात एक व्यवस्थापक आणि तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक. सगळे पैसे चौघांत वाटले तरी माणशी साडेबारा हजार, आणि चादरी, फिनेल, दवाखान्याची रिक्षा यांना शून्य. निवारा चोवीस तास, म्हणजे आठवड्याला 21 पाळ्या. साप्ताहिक सुट्टी धरून तिघं 18 भरतात. उरलेल्या तीन व्यवस्थापकाच्या गळ्यात. मग तो दिवसा सापडत नाही आणि तपासणीत शेरा पडतो: 'व्यवस्थापक गैरहजर'.

यावर एल-1, म्हणजे 'सर्वांत कमी दरवाल्यालाच काम', लावा. दर पाडायला पगार सोडून जागाच नाही. रात्रीला एकच माणूस, मस्टरवर सह्या तिघांच्या.

कलम_दहा
गणित मान्य. पण त्यातून 'निविदा नको' कसं निघतं? जाहिरात न देता प्रस्ताव थेट स्थायी समितीत, खाली 'सदर संस्थेस अनुभव आहे' एवढं एक वाक्य, हे चालतं का तुम्हाला? महापालिका अधिनियमाच्या कलम 10 मध्ये पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेला नगरसेवक अपात्र ठरतो. तेच काम 'अनुदान' म्हणून दिलं की 'यात कंत्राट कुठाय?' म्हणायला मोकळे. विश्वस्तांची यादी आणि नगरसेवकांची आडनावं शेजारी ठेवून बघा एकदा.

रात्रपाळी
जाहिरात नको असं मी कुठे लिहिलंय? वाचता येत नसेल तर मोठ्या अक्षरात लिहितो. स्वारस्य प्रस्ताव मागवा, दर जाहिरातीतच ठरवून द्या आणि गुण फक्त कामाला द्या.

लेखाशीर्ष
दोघंही मुद्दा सोडून भांडताय. पालिकेला दोन्हीकडून हवंय, खरा घोळ तो आहे. बयाणा, दंड आणि 2 टक्के टीडीएस घेताना संस्था कंत्राटदार. पैसे देताना मात्र अनुदान: उपयोगिता प्रमाणपत्र आणा, पावत्या जोडा, शिल्लक परत करा. अनुदान असेल तर हप्ता आगाऊ द्या. कंत्राट असेल तर देयक घ्या आणि माझ्या पावत्या मोजू नका. इथे काम आधी, पैसे नंतर आणि वर पावत्याही.

कलम_दहा
6 लाखांवर टीडीएस 12 हजार. तोही परत मिळतो. एवढ्यासाठी रडगाणं?

लेखाशीर्ष
मिळतो, पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर. वर्षाचे 12 हजार म्हणजे एका काळजीवाहकाचा जवळजवळ एका महिन्याचा पूर्ण पगार. 'शून्य कपातीचं प्रमाणपत्र घ्या' असं सांगू नका. ते पालिकेच्या टॅनवर (कर कापणाऱ्याचा क्रमांक), त्याच आर्थिक वर्षापुरतं आणि मिळाल्या तारखेपासून पुढेच लागू. आधी कापलेलं पुढच्या वर्षापर्यंत अडकलंच.

जेवणाचा_डबा
आणि जीएसटी? कार्यादेशात 'मनुष्यबळ पुरवठा' लिहिलं की लेखा विभाग 18 टक्क्यांचं विचारतो.

लेखाशीर्ष
नागरी दारिद्र्य निर्मूलन राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांच्या कामांच्या यादीत आहे. त्यासाठी पालिकेला दिलेली निव्वळ सेवा माफ. कार्यादेशात कामाचं नाव 'बेघर निवारा संचालन' असं लिहून घ्या, अनुसूचीचा उल्लेख करून घ्या. मात्र त्याच आदेशात जेवण घुसवलं तर ती निव्वळ सेवा राहत नाही. वस्तूंचा वाटा एकूण किमतीच्या 25 टक्क्यांवर गेला की माफी संपली. जेवणाचा आदेश वेगळाच हवा.

कलम_दहा
धागा बेघरांचा होता. आता सनदी लेखापालांचा झाला.

लेखाशीर्ष
बेघरांची चादर याच कागदात अडकते, साहेब.

फेरफार_प्रलंबित
पात्रतेच्या अटींवर कोणी बोलतच नाही. नोंदणी, पॅन, 12ए (आयकर सवलतीची नोंदणी), नीती आयोगाच्या पोर्टलचा दर्पण क्रमांक, तीन वर्षांचे ताळेबंद, इथवर ठीक. पण विश्वस्त बदलले आणि धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज प्रलंबित असला की परिशिष्ट एकवर, म्हणजे तिथल्या विश्वस्तांच्या नोंदीत, जुनीच नावं. त्यात एखादा मयत. छाननीत लिपिक म्हणतो सही करणाऱ्याचं नाव नाही, बाद! मोठ्या संस्थांचं वकील बघतात, वस्तीतली संस्था इथेच गळते.

कलम_दहा
बदल झाल्यावर 90 दिवसांत अर्ज करायचा असतो. वस्तीतली संस्था म्हणून कायदा माफ?

फेरफार_प्रलंबित
अर्ज वेळेतच असतो, निकाल वेळेत नसतो! अर्जाची पोच आणि विश्वस्तांचा ठराव ग्राह्य धरा, एवढंच मागणं आहे. पोच खोटी असली तर बयाणा जप्त करा.

कलम_दहा
बरं, पोच घ्या. दरही ठरवून द्या, तुमचा हट्ट पुरवला. अभियान सप्टेंबर 2024 ला संपलं, त्या 6 लाखांना चिकटून बसायचं कारण नाही. चौथा काळजीवाहक धरून किमान वेतनाने दर काढा. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) मिळून मालकाचे सव्वासोळा टक्के वर धरा. बदल्यात दोन गोष्टी: गुणपत्रक संकेतस्थळावर आणि विश्वस्तांचं नात्याबद्दलचं शपथपत्र.

रात्रपाळी
शपथपत्र देतो. तीन-तीन महिन्यांच्या मुदतवाढीवर चालणाऱ्या निवाऱ्यांचं काय करणार, तेही सांगा. मुदतवाढीला मंजुरी नाही, मंजुरी नाही म्हणून देयक नाही, आणि निवारा रिकामा केला तर दंड.

कलम_दहा
ते नव्या धाग्यात काढा. इथे अजून जीएसटी चालू आहे.