साल १९८२, आत्ताच्या दिवाणखान्यात : जुन्या हस्तकलेच्या बैठकींचे अनुभव

पुणे

गेल्या महिन्यात मैत्रिणींना घरी बोलावलं. निरोपात लिहिलं, 'साल १९८२ समजून यायचं. दोन वेण्या, रिबिनी चालतील. मोबाइल दारातल्या पितळी डब्यात.' १९८२च का, तर त्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं आणि आमच्या चाळीत मात्र पुढे कित्येक वर्षं कृष्णधवलच राहिलं. तो राग अजून आहे.

भडंग, लिंबू सरबत, रेडिओवर विविध भारती. सगळं जमलं. करायला घेतली वायरची पिशवी, ती मात्र नाही. सातजणी, चार तास, आणि पूर्ण पिशव्या शून्य. वायरच्या गुंडाळीचा पीळ जाता जाईना. शेवटी ती कोमट पाण्यात घालून सरळ केली. किती लांब कापायची याचा अंदाज चुकल्यामुळे माझी पिशवी अर्ध्या उंचीवर संपली. मग एकीच्या सासूबाईंना व्हिडिओ कॉल, म्हणजे पितळी डबा उघडलाच. त्या बघून म्हणाल्या, "अगं, आधी तळ पुरा करा, मग वर चढा. तुम्ही पाया सोडून भिंती बांधताय."

तुमच्याकडे काय झालं? फसलेलंही सांगा, तेच जास्त कामाचं.

कोल्हापूर

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आईची आणि आत्याची जुनी सुती लुगडी होती, ती पाच थरांत अंथरून चौघी चार बाजूंना बसलो. कडेने धावदोरा घालत गोल गोल आत यायचं, एवढं माहीत होतं. थर आधी नीट टाचून घ्यायचे असतात, हे माहीत नव्हतं. मध्यापर्यंत आलो तेव्हा तिथं उशीएवढा फुगा! उसवलं, पुन्हा टाचलं. त्यात एका मैत्रिणीने हौसेने नायलॉनची साडी आणलेली. ती थरात घातली की खालून सुळकन निसटायची. तिची शेवटी खिडकीची झालर केली.

एका दुपारचा बेत होता, पाच रविवार लागले. पण वाकळेभोवती गोल बसलं की कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, सगळ्यांच्या नजरा टाक्यावर. त्यामुळे असेल, तिसऱ्या रविवारी एकीने नवऱ्याच्या आजारपणाचं सांगितलं. वीस वर्षांची मैत्रीण, आम्हाला पत्ता नव्हता. वाकळ आता तिच्याच घरी आहे.

नाशिक

हस्तकला वगैरे नाही. बायकोच्या बैठकीत मला कॅसेट लावायचं काम होतं. तिसऱ्या गाण्याला फीत आत गुंतली. षटकोनी पेन्सिल घालून ती गुंडाळत बसलो, आणि माझ्यामते त्या दिवशी पूर्ण झालेलं काम हे एकच.

एडिसन, न्यू जर्सी

आम्ही शाळेतल्या शिवणाच्या तासाची वही पुन्हा केली. आठवते? एकेका पानावर कापडाचा चौकोन चिकटवलेला, त्यावर धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काजटाका. दसूती कापड एकीने पुण्याहून बॅगेत आणलं. दोऱ्याची लड सहापदरी असते, त्यातले दोन-तीन पदर सुटे करून घ्यायचे, हे सांगायला मी विसरले. एकीने सहाच्या सहा पदर ओवून फुली टाक्याचा पोपट भरला. पोपट कसला, घुबड झालं. तिने तोच फ्रेम करून लावलाय.

डोंबिवली

गच्चीवर आकाशकंदील. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, मैद्याची खळ. खळ पातळ झाली तर कागद फाटतो, म्हणून घट्टच शिजवा. शेजारच्या आजोबांनी खळीत चिमूटभर मोरचूद घालायला सांगितलं होतं. ते विष, मुलं तीच बोटं तोंडात घालतील म्हणून आम्ही नाही घातलं. भाऊबीजेपर्यंत कंदिलाच्या निम्म्या कागदी करंज्या झुरळांनी खाल्ल्या. तरी पुढच्या वर्षीही घालणार नाही.

सोलापूर

पहिला अनुभव वाचून थोडं वेगळं लिहिते. माझी आई वायरच्या पिशव्या विणून विकायची. आम्ही झोपलो की बसायची. 'रेट्रो' म्हटलं की मला तिच्या बोटांवरचे चरे दिसतात. तशाच एका बैठकीला मला शिकवायला बोलावलं होतं. सगळ्या हसत-खिदळत होत्या, आणि खरं सांगते, पहिला तासभर मला ते सहन होत नव्हतं. मग हातात वायर घेतली आणि बोलता बोलता, न बघता, बोटांनी तळ विणून टाकला. मी कधी शिकले तेच मला आठवत नाही.

कुणीतरी विचारलं, एका पिशवीचे किती मिळायचे? मी आईला फोन केला. म्हणाली, "ते आठवत नाही गं. दुकानदार वायर उधार द्यायचा, तेवढं आठवतं."

पुणे

ताई, आमच्या सात पिशव्या अजून अर्धवटच पडल्यात. पुढच्या महिन्यात पुण्याला येणं होईल का?

सोलापूर

येते. पण वायर मी आणेन. तोपर्यंत कात्रीला हात लावू नका.