आपला वाडा ग्रुप: केबलच्या चोरीवरून

मोठी वैनी: राजेहो, काल रात्रीचा तो पिक्चर पाह्यला काय कोनी? अमेरिकेतल्या बाईचा, जिले खून करनारा डोळे मिटल्यावर दिसते. थो पाहून धाकटे भाऊजी सकाळपासून म्हनून रायले का विहिरीवरचा केबल कोनं नेला हे आपल्या इथल्या त्या अंगात येऊन पाहनाऱ्या बाईले विचारू. मले हे बिलकुल पटलं नाई, म्हनून इथंच लिहून रायली.

धाकटे काका: विचारून पाह्यल्यानं काय जाते? 70 मीटर केबल होता.

बाल्या: काका लाईट किती वाजता येते तेबी विचारून घ्या ना 😄

पांढरकवड्याचे मामा: बाल्या चूप बे. भाऊ, रिपोर्ट द्या आधी.

धाकटे काका: मागच्या साली मोटर गेली तवा रिपोर्टच देल्ला होता. सापडली काय? पिक्चरच्या सुरुवातीले सत्यघटनेवर आधारित लिहून होतं, आपून वाचलं डोळ्यानं.

मोठी वैनी: भाऊजी, मीबी शेवटपर्यंत पाह्यला, बसल्या जागची उठली नाई. पन खुनी कोन हे लिहिनाऱ्यानं आधीच ठरवलेलं राह्यते, म्हनून तिले दिसलेलं पानी न् लाल फाटक बरोबर निघते. आपल्या इथं पानी म्हनलं का विहीर, नाला, टाकं, कायबी जुळवता येते.

नागपूरची ताई: काका, सिल्व्हिया ब्राऊन नावाची अशीच बाई होती अमेरिकेत, लय फेमस. 2004 मध्ये क्लीव्हलँडच्या एका हरवलेल्या पोरीच्या आईला तिनं टीव्हीवर सांगितलं की तुमची मुलगी जिवंत नाही. आई 2006 मध्ये गेली. मुलगी 2013 मध्ये त्याच शहरात जिवंत सापडली, कोंडून ठेवलेली.

आक्का: अवं माय. मायनं काय म्हनून जीव सोडला असन.

धाकटे काका: थे अमेरिका हाय. इथं विचारून पाह्यल्यानं काय जाते?

पांढरकवड्याचे मामा: जाते ना. जादूटोणा विरोधी कायदा हाय 2013 चा. अंगात शक्ती आली म्हनून लोकायले भेव दाखवलं तर 6 महिने ते 7 वर्ष.

धाकटे काका: भाऊजी, वावराचा धुरा सरकवला तवा कायदा कुठी गेलता?

पांढरकवड्याचे मामा: धुऱ्याचं इथं काऊन काढता? मोजनी तुमच्या समोर झाली.

आक्का: लेकरं वाचतात रे ग्रुप.

बाल्या: मोजनीले पन बाईच बलावा

धाकटे काका: 70 मीटर. पुन्हा सांगतो, विचारून पाह्यल्यानं काय जाते?

मोठी वैनी: काय जाते थे सांगते. आक्काच्या शेळ्या गेल्या तवा त्याच बाईनं सांगतलं का चोर पाय ओढत चालते. गावात पाय ओढत चालनारा एकच मानूस. दुसऱ्या दिवशी त्याची पोरगी नळावर पान्याचा गुंड घेऊन उभी, न् बाया तिले पुढं येऊ देत नाई. नळ गेला, गुंड कोरडाच. मी मांगं उभी होती भाऊजी, मीबी बोलली नाई. आठ दिवसानं शेळ्या कोंडवाड्यात सापडल्या. त्या मानसाच्या घरी जाऊन चुकलं म्हनाले कोन गेलं? आक्का तू गेलतीस?

आक्का: नाई गेली.

मोठी वैनी: आता तिनं केबलसाठीबी कोनाचं तरी वर्णन सांगतलं तर?

आक्का: थो मानूस अजून माह्या दारावरून जाते, पन मान वर करत नाई.

नागपूरची ताई: काका?

धाकटे काका: केबलचं बिल लागन काय रिपोर्टले?

पांढरकवड्याचे मामा: असलं तर आना. धुऱ्यावर जळालेलं रबर पडून हाय म्हने, त्याचा फोटो काढून ठेवा. तांबं काढून घेतलं असन.

धाकटे काका: बिल सापडून नाई रायलं.

मोठी वैनी: खताच्या पावत्यायच्या डब्यात पाहा, निळ्या.

बाल्या: काका मी गाडी काढतो