कन्व्हर्सचा घोट्यापर्यंतचा 'ऑल स्टार': रचना थोर की नुसती सवय?
(एक चर्चा; तळटीप, पायपीट, मुरूम आणि लोखंडे ही तीत बोलणाऱ्यांची नावे)

तळटीप
कन्व्हर्स या अमेरिकी बूट-कंपनीचा काळ्या कॅनव्हासचा (जाड सुती कापडाचा), घोट्यापर्यंत येणारा 'चक टेलर ऑल स्टार' हा खेळाच्या बुटांमधला सर्वांत नेटका बूट आहे, असे माझे मत आहे आणि ते मी लळ्यापोटी नव्हे, तर त्याच्या रचनेकडे पाहून मांडतो आहे. १९१७ साली अमेरिकेत तो बास्केटबॉलसाठी बाजारात आला. त्याचे घटक थोडेच आहेत: कॅनव्हासचे वरचे अंग, रबराचा तळ, त्या दोहोंचा सांधा झाकत बुटाभोवती फिरणारी रबरी पट्टी, बोटांवरची पांढरी टोपी आणि घोट्याच्या आतल्या बाजूचा गोल शिक्का. हे सारे जुळवून झाले की बूट भट्टीत तापवतात आणि त्या उष्णतेने रबर पक्के होऊन कॅनव्हासला धरून बसते. म्हणजे जिला आपण शोभेची किनार समजतो, ती पट्टीच बूट एकसंध ठेवण्याचे काम करत असते. आतल्या अंगाची दोन भोके हवेसाठी आहेत. टोपी बोटांना आणि कापडाला सांभाळते.

शिक्क्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. चक टेलर हा स्वतः बास्केटबॉल खेळलेला विक्रेता गावोगाव शिबिरे घेत बूट विकायचा, आणि त्याची सही शिक्क्यावर १९३०च्या दशकात आली. हा शिक्का बाहेरच्या बाजूला नसल्यामुळे शेजारून जाणाऱ्याला तो नीट दिसत नाही. बूट घालणारा एका गुडघ्यावर दुसरा पाय टाकून बसला, तरच तो पुरता समोर येतो. कंपनीचे नाव इतक्या संकोचाने मिरवणारा दुसरा लोकप्रिय बूट मला तरी आठवत नाही.

पायपीट
आपले निरीक्षण सुरेख आहे, पण आपण पाहण्याच्या वस्तूबद्दल लिहिले आहे आणि बूट ही घालण्याची वस्तू आहे. या बुटाचा तळ सपाट आहे, पावलाच्या कमानीला आधार जवळजवळ नाही, आणि दिवसभर फरशीवर उभे राहणाऱ्याची टाच संध्याकाळी त्याची साक्ष देते. राहिला घोट्याचा प्रश्न. उंच कडांमुळे पाय मुरगळत नाही, हा समज या जातीच्या सर्व बुटांना चिकटलेला आहे. परंतु १९९३ साली अमेरिकेत ६२२ महाविद्यालयीन खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात उंच आणि बुटक्या बुटांमध्ये घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नव्हता. ते बूट तर आधुनिक होते. इथे नुसते कापड आहे. १९७०च्या दशकात चामड्याचे बूट आले आणि व्यावसायिक खेळाडूंनी 'ऑल स्टार' सोडला, याहून स्पष्ट निकाल कोणता हवा?

मुरूम
पायपीट यांना माझे अनुमोदन, आणि एक भर. जुलै महिन्यात हा बूट घालून पुण्यात रस्ता ओलांडून दाखवावा. हवेसाठी ठेवलेल्या त्या दोन भोकांतून पाणी आत येते, बाहेर मात्र जात नाही, आणि कॅनव्हास वाळायला दोन-दोन दिवस लागतात.

तळटीप
मुरूम, पावसाचेच म्हणाल तर १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसात आणि चिखलात झाला होता. त्या स्पर्धेसाठी अमेरिकेच्या संघाकरिता याच बुटाची पांढरी, लाल-निळ्या रेषांची आवृत्ती काढलेली होती आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले.

मुरूम
संपूर्ण सामन्यात दोन्ही संघांचे मिळून २७ गुण! हा दाखला आपण माझ्या बाजूने दिलात, आभारी आहे.

तळटीप
मान्य, तो चिखलाचा विजय होता. तरीही पायपीट यांच्या निकालाला एक उत्तर आहे. २०१५ साली कंपनीने 'चक टू' काढला: आत मऊ गादी, शिक्का छापील न ठेवता भरतकामाचा, नाडीच्या भोकांच्या कड्या कापडाच्याच रंगाच्या. आपली टाचेची तक्रार त्यात बऱ्याच अंशी दूर झाली होती, तरी तो अपेक्षेइतका चालला नाही आणि मागे पडला. त्याउलट २०१३चा 'चक ७०', ज्यात जाड कॅनव्हास आणि उंच, चकचकीत, किंचित पिवळसर पट्टी देऊन जुनेच रूप परत आणले, तो आजही मागणीत आहे. लोकांना रचनेतला समतोल कळतो, हेच यातून दिसते.

पायपीट
मला यातून उलटेच दिसते. बूट सुधारला तेव्हा लोकांनी तो नाकारला, याचा अर्थ ते बूट विकत घेत नसून ओळखीचा चेहरा विकत घेत होते. चेहरा देखणा आहे, हे मी कुठे नाकारले?

लोखंडे
मध्येच बोलतो, क्षमस्व. वजन उचलणाऱ्या आम्हा मंडळींना हाच सपाट, कडक तळ हवा असतो, कारण मऊ गादी भाराखाली दबते आणि पाऊल डळमळते. व्यायामशाळेत बारबेलखाली हा बूट हमखास दिसतो. तेव्हा ज्याला पायपीट दोष म्हणतात, तो आमच्यासाठी गुण आहे.

पायपीट
लोखंडे, आपल्या पायांवर भार असताना आपण एका जागी उभे असता. माझी तक्रार चालण्याबद्दल आहे.