आयटूसी (क्लॉक आणि डेटा अशा दोन तारांची बस) सेन्सर एॅकच (पोचपावतीचा बिट) देत नाहीये, लॉजिक अॅनालायझरवर (तारांवरचे ०-१ टिपणारं यंत्र) नेमकं काय बघू?

सर्किटवेडा: एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरला बीएमई२८० (तापमान, आर्द्रता, दाबाचा सेन्सर) जोडलाय, अॅड्रेस हेक्स ७६, हॅल (एसटीएम३२ ची तयार ड्रायव्हर) लायब्ररी वापरतोय. अॅनालायझरवर क्लॉक डेटा दोन्ही व्यवस्थित हलताना दिसतायत पण नवव्या क्लॉकला डेटा वरच राहतो म्हणजे नॅक (पोच मिळालीच नाही), आणि डिकोडर अॅड्रेस ३बी दाखवतोय. सेन्सर गेला का?

बसमित्र: सेन्सरला हात लावू नका, उत्तर त्या ३बी मध्येच आहे. ७६ ला एक बिट उजवीकडे सरकवलं की ३बी. हॅलला अॅड्रेस आधीच डावीकडे सरकवून द्यावा लागतो, म्हणजे ईसी, शेवटचा बिट रीड-राइटचा असतो ना.

सर्किटवेडा: आला एॅक! खूप आभार. पण १०० किलोहर्ट्झला मस्त चालतंय आणि ४०० ला मधूनच नॅक येतो, वेव्हफॉर्म तर एकदम चौकोनी दिसतोय.

लहरी: चौकोनी दिसणारच हो, अॅनालायझर फक्त ० की १ एवढंच सांगतो, कडा किती हळू चढतेय ते त्यात दिसतच नाही. पुलअप (तारा वर खेचणारे रेझिस्टर) केवढे आहेत? १० के असतील आणि बसवर १०० पिकोफॅरड धरलं तर चढायला साधारण ८५० नॅनोसेकंद लागतात, ४०० ला मर्यादा ३०० ची आहे. २.२ के टाका, आणि एकदा ऑसिलोस्कोपवर बघाच. अॅनालायझरची ग्राउंड वायरही आखूड ठेवा, लांब असली की नसलेले ग्लिच (क्षणिक खोटे पल्स) दिसतात आणि माणूस उगाच कोड उकरत बसतो.